ठाण्याहून इस्राएलला येऊ पाहणाऱ्या भगिनीस: तोरा, अभ्यास आणि इथले धर्मजीवन

शालोम.

तुम्ही, तुमचे यजमान आणि अकरा वर्षांचा मुलगा पुढच्या वर्षी आलिया करण्याच्या, म्हणजे इस्राएलमध्ये कायमचे राहायला येण्याच्या, विचारात आहात, आणि नोकरी किंवा घरभाड्यापेक्षा तुमची चिंता वेगळी आहे, असे तुम्ही लिहिले आहे. ठाण्याच्या शाआर हश्शामायीम प्रार्थनामंदिरात ज्या श्रद्धेने तुम्ही वाढलात ती इथे अधिक खोल होईल का, हिब्रू जेमतेम वाचता येत असताना तोराचा, म्हणजे आपल्या धर्मशास्त्राचा, अभ्यास या वयात सुरू करता येईल का, आणि मलिदा या नवसाच्या आणि शुभकार्याच्या विधीसारख्या आपल्या चालीरीतींना इथे मान मिळतो का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. मीही तुमच्यासारखीच बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी समाजातली, पनवेलची. लग्नानंतर इकडे आले आणि आता लोदमध्ये राहते. माझे उत्तर लांबेल, कारण या तिन्ही प्रश्नांचा मीही पुष्कळ विचार केला आहे.

पहिल्यांदा शब्बाथबद्दल, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीबद्दल. कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण सारे गाव कामाला लागलेले असताना त्यांचे घाणे शनिवारी बंद असत. त्या विश्रांतीसाठी ते दर आठवड्याला एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडत. इथे ती किंमत मोजावी लागत नाही. शुक्रवारी दुपारनंतर बहुतेक शहरांतल्या बसगाड्या थांबतात, दुकाने बंद होतात, कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो आणि पंचांग सगळ्या देशाचे एकच असते. हे फार मोठे सुख आहे, आणि पहिल्या योम किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, मोकळे रस्ते पाहून तुमचे मन भरून येईल याची मला खात्री आहे. परंतु जी सुट्टी आयती मिळते, तिच्यात पावित्र्य आपोआप येत नाही. माझ्या ओळखीची काही कुटुंबे मुंबईत साहेबाला विनवून शनिवारची रजा घेत असत आणि इथे आल्यावर शनिवारी समुद्रावर जाऊ लागली. काही कुटुंबांच्या बाबतीत नेमके उलटे घडले. देश तुम्हाला दिवस मोकळा करून देतो. त्या दिवसाचे काय करायचे, हे घरातच ठरते. म्हणून तुम्हाला एवढेच सांगेन की शुक्रवारच्या संध्याकाळी किद्दुशला, शब्बाथच्या स्वागताच्या आशीर्वादाला, मनुकांचे सरबत करण्याची तुमच्या घरची रीत असेल, तर ती इथे पहिल्या आठवड्यापासून सुरू ठेवा आणि वाइन सहज मिळते म्हणून ती सोडू नका.

आता प्रार्थनेतली एक गोष्ट सांगते, कारण या देशात येण्याचा अर्थ मला तिच्यातून सर्वांत आधी कळला. आपण भारतात पावसाची मागणी ४ किंवा ५ डिसेंबरपासून करतो, कारण परदेशातील यहुद्यांनी बाबिलोनचा क्रम स्वीकारलेला आहे. कोकणात तेव्हा पावसाळा संपून दोन महिने झालेले असतात, शेतात भाताची पेंढी उरलेली असते आणि तरीही आपण मनापासून पाऊस मागत असतो. इथे ती मागणी हेश्वान या यहुदी महिन्याच्या ७ तारखेला सुरू होते, आणि वर आभाळ खरोखरच पावसाची वाट पाहत असते. सुक्कोथचा सण संपल्याबरोबर ही मागणी का करत नाहीत, याचे कारण मिश्ना या प्राचीन यहुदी नियमसंग्रहाच्या तआनीथ या भागात दिले आहे. सणासाठी जेरुसलेमला आलेल्या यात्रेकरूंपैकी अगदी शेवटचा माणूस युफ्रेटिस नदीपर्यंत पोहोचावा, वाटेत त्याचे हाल होऊ नयेत, म्हणून पंधरा दिवस थांबायचे. हा देश पावसावर जगतो. सहा महिने कोरडे गेल्यावर ज्याची जमीन तहानलेली आहे त्या शेतकऱ्याने, दूरदेशी घरी परतणाऱ्या एका अनोळखी वाटसरूसाठी पावसाची मागणी पुढे ढकलायची. मंदिर पडून दोन हजार वर्षे होत आली, तसे यात्रेकरूही राहिले नाहीत, तरी आपण आजही ते पंधरा दिवस थांबतो. माझ्या दृष्टीने यहुदी नीतीचे सार अशा बारीक नियमांमध्ये आहे, आणि ते दिसायला अभ्यास करावा लागतो.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. आपल्या समाजात भक्ती होती, उपास होते, शेमाची प्रार्थना होती, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्यावर अढळ विश्वास होता. पण तालमूदची, म्हणजे मिश्नावरील रब्बींच्या चर्चाग्रंथाची, परंपरा नव्हती. आपल्याकडे प्रार्थना चालवणारे हझान होते, धर्मशास्त्राचे जाणकार रब्बी नव्हते. यात आपल्या पूर्वजांचा काहीही दोष नाही. शतकानुशतके दूर राहूनही त्यांनी जे टिकवले ते पाहून माझे मस्तक नम्र होते. मात्र या कमतरतेची लाज बाळगू नये, तशी ती नाकारूही नये. ती भरून काढण्याची संधी हे मी इस्राएलला येण्याचे सर्वांत चांगले कारण मानते.

सुरुवात आठवड्याच्या पाराशापासून करा. तोराचे ५४ भाग वर्षभरात वाचून होतात. त्या त्या आठवड्याचा भाग आधी मराठीत किंवा इंग्रजीत वाचा आणि मग हिब्रूतल्या चार ओळी तरी शब्द लावून पाहा. उल्पानमध्ये, नव्याने आलेल्यांच्या हिब्रू वर्गात, बोलण्यापुरते हिब्रू शिकवतात, आणि त्याच्या आधारावर मिश्नाची सोपी भाषा दोनेक वर्षांत समजू लागते. तालमूदमध्ये अरामी मिसळलेली असल्याने तिथे सोबत हवीच. तशी ती सर्वांनाच लागते. जोडीने बसून, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने शंका काढायची, अशीच इथे अभ्यासाची पद्धत आहे. १९२३ साली रब्बी मेईर शापिरो यांनी सुरू केलेल्या क्रमानुसार जगभरातले लोक रोज तालमूदचे एक पान वाचतात आणि २,७११ पाने साडेसात वर्षांत पूर्ण करतात. चालू फेरी ५ जानेवारी २०२० रोजी सुरू झाली. त्याच दिवसांत जेरुसलेममध्ये हजारो स्त्रिया आधीची फेरी पूर्ण झाल्याचा आनंद साजरा करायला जमल्या होत्या. हे मुद्दाम सांगते, कारण स्त्रीने तालमूद शिकावा का, असे तुम्ही चाचरत विचारले आहे. सर्वच वर्तुळांत तो शिकवत नाहीत, पण जिथे शिकवतात तिथे मनापासून आणि उत्तम शिकवतात. अवश्य शिका. रोजच्या पानाचा वेग मात्र नवशिक्याला झेपत नाही. आठवड्याला अर्धे पान घ्या आणि ते पचवा.

काय शिकाल, याचा एक मासला देते. तालमूदच्या बावा मेत्सिया या भागात रब्बा बार बार हाना यांची हकीकत आहे. त्यांच्या हमालांच्या हातून द्राक्षारसाचे पिंप फुटले, तेव्हा त्यांनी नुकसानीपोटी हमालांची वस्त्रे काढून घेतली. प्रकरण राव या थोर आचार्यांकडे गेले. राव म्हणाले, वस्त्रे परत दे. ‘हा कायदा आहे का?’ असे विचारल्यावर त्यांनी पवित्र शास्त्रातल्या नीतिसूत्रांतील चांगल्यांच्या मार्गाने चालण्याविषयीच्या वचनाचा आधार देऊन ‘होय’ म्हटले. मग हमाल म्हणाले, आम्ही गरीब आहोत, दिवसभर राबलो, भुकेले आहोत आणि हातात काही नाही. तेव्हा राव यांनी त्यांची मजुरीही द्यायला सांगितली. पुन्हा तोच प्रश्न विचारला गेला, आणि उत्तरही तेच मिळाले. हे पान मी प्रथम शिकले तेव्हा घरी बांधकामाची मजुरी चालू होती, आणि हिशेब करताना माझा हात खरोखर थांबला. अभ्यास कशासाठी करायचा हे मला त्या दिवशी कळले. हिल्लेल आणि शम्माय या दोन प्राचीन आचार्यांच्या शिष्यपरंपरांच्या वादातही हेच आहे: दोन्हींची वचने जिवंत देवाचीच, तरीही निर्णय हिल्लेलच्या बाजूने झाला, कारण त्याचे शिष्य सौम्य होते आणि आपले मत मांडण्याआधी प्रतिपक्षाचे मत शिकवत असत. जो अभ्यास माणसाला विरोधकाचे ऐकायला शिकवत नाही, तो कितीही पाने झाली तरी अपुरा आहे, असे माझे ठाम मत आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना जुन्या इतिहासाला बगल देता येत नाही. १९६२ साली इथल्या मुख्य रब्बीमंडळाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना बेने इस्राएलांच्या वंशाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करण्याचे निर्देश दिले. आपल्याकडे शास्त्रोक्त घटस्फोटाचे नियम माहीत नव्हते, म्हणून पूर्वी काही पुनर्विवाह अवैध झाले असावेत, अशी शंका त्यामागे होती. आपल्या लोकांनी १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, क्नेसेथने, म्हणजे इथल्या संसदेने, विशेष अधिवेशनात सर्व बाबतींत समान हक्कांचा ठराव केला, आणि फक्त आपल्या समाजाला वेगळे काढणारे ते शब्द पुढे बदलण्यात आले. आज आपल्या मुलामुलींची लग्ने इतरांसारखीच लागतात. तरीही इथे विवाह धर्मपीठामार्फतच नोंदला जातो, तेव्हा आईवडिलांचा आणि दोन्हीकडच्या आजीआजोबांचा केथुबा (विवाहाचा करारनामा) आणि प्रार्थनामंदिराचा दाखला नीट सांभाळून आणा.

ज्या बावा मेत्सियाचा वर उल्लेख केला, त्याच भागात शब्दांनी दुखावण्याचा निषेध आहे. पश्चात्ताप केलेल्याला त्याची जुनी कर्मे आठवून देऊ नयेत, धर्मात आलेल्याच्या मुलाला त्याच्या पूर्वजांवरून बोलू नये, आणि चारचौघांत माणसाचा चेहरा पांढरा पाडणे हे रक्त सांडण्यासारखे आहे, असे तिथे म्हटले आहे. हा नियम माहीत असलेली माणसेही कधी कधी विचारतात, ‘भारतात यहुदी असतात?’ तुम्हालाही विचारतील. कुणी कुतूहलाने, कुणी संशयाने. तुमचा मुलगा हे शाळेत ऐकेल. त्याला आपले पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागल्याची आणि घाण्यांची गोष्ट आधीच सांगून ठेवा, आणि हा नियमही शिकवा, म्हणजे आपल्यानंतर इथिओपियातून किंवा मणिपूरहून आलेल्या वर्गमित्राशी तो स्वतः कसा वागेल याची तुम्हाला काळजी राहणार नाही.

मलिदा इथे होतो आणि थाटात होतो. लोद, रामला, अश्दोद, दिमोना, बेरशेबा या शहरांत आपली वस्ती आहे. नवस फेडायचा असो की हळदीआधीचा कार्यक्रम, पोहे, खोबरे, साखर, फळे आणि सुकामेवा यांचे ताट भरले जाते आणि एलियाहू हन्नाबीचे गीत सगळे मिळून गातात. हैफामध्ये एलियाहूची गुहा आहे, तिथेही आपली माणसे जातात. एखादा शेजारी याला अंधश्रद्धा म्हणेल. त्याला ताटातल्या प्रत्येक पदार्थावर म्हटला जाणारा आशीर्वाद ऐकवा, तेवढे पुरते.

प्रार्थनामंदिर निवडताना आपल्या लोकांचेच निवडा, निदान पहिली काही वर्षे, कारण आपले स्वर मुलाच्या कानी पडायला हवेत. अभ्यासाला मात्र बाहेर जा. मोरोक्कन, येमेनी, अश्कनाझी (युरोपीय), जिथे चांगला शिक्षक असेल तिथे. आपण सेफार्दी (मूळच्या स्पेनकडच्या यहुद्यांचा) क्रम पाळत असल्यामुळे पेसाखमध्ये, म्हणजे वल्हांडणाच्या सणात, तांदूळ चालतो, तीनदा निवडून घ्यायचा एवढेच. अश्कनाझी घरांत तो वर्ज्य असतो, म्हणून त्या आठवड्यात त्यांना जेवायला बोलावले तर भाताऐवजी बटाट्याचा बेत करा. इथे पेसाख सातच दिवसांचा असतो, हेही लक्षात असू द्या.

मुलाच्या शाळेचा निर्णय कठीण आहे. सरकारी शाळेत पवित्र शास्त्र शिकवतात, पण प्रार्थना नसते. सरकारी-धार्मिक शाळेत रोजची प्रार्थना, मिश्ना आणि पुढे तालमूद असतो. तुमचा कल पाहता मी दुसरी सुचवेन, मात्र आधी त्या शाळेत जाऊन वेगवेगळ्या देशांतून आलेली मुले वर्गात एकत्र बसतात का ते पाहा. बार मित्स्वाला, तेरा वर्षे पूर्ण झाल्यावरच्या धार्मिक विधीला, दोन वर्षेही उरलेली नाहीत, म्हणून सेफेर (तोराची गुंडाळी) वाचण्याची तयारी ठाण्यातच हझानसाहेबांकडे सुरू करा. आणि जमले तर जुलैमध्ये या. शाळा १ सप्टेंबरला उघडते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिश्री महिन्याचे सण लागले की कचेऱ्यांतले प्रत्येक काम सणांनंतरवर जाते.