दापोलीच्या सड्यावरून समुद्रापर्यंत जीपने एका दिवसात जाता येईल का?

आपण विचारले आहे की, पुण्याहून स्वतःची फोर-बाय-फोर जीप आणल्यास दापोलीच्या आसपास डांबरी रस्ता सोडून, शेतांतून आणि सड्यावरून (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरून) वाट काढत समुद्रापर्यंत एका दिवसात जाऊन येता येईल का, आणि शेवटी गाडी वाळूत घालावी का. पहिल्याचे उत्तर होय, दुसऱ्याचे नाही. मात्र आदल्या रात्रीच दापोलीत मुक्कामाला यावे.

डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. भात कापून झालेली खाचरे तेव्हा मोकळी दिसतात आणि त्यांतून गाडी न्यायला काय हरकत आहे असे पाहुण्यांना वाटते. परंतु भात निघताच उरलेल्या ओलीवर कुळीथ, पावटा किंवा वाल पेरलेला असतो आणि रोपे कोवळी असेपर्यंत दुरून ती जमीन पडीकच भासते. शिवाय चाकाखाली खचलेला बांध पावसाळ्यापूर्वी मालकालाच पुन्हा घालावा लागतो. म्हणून दोन गडग्यांमधील (रचलेल्या दगडांच्या कुंपणांमधील) जुन्या बैलगाडीच्या वाटेनेच जावे, आणि आडव्या दांड्यांचे बेडे लागले की ते काढण्यापूर्वी जवळच्या घरात विचारावे. विचारणाऱ्याला आमच्याकडे सहसा नकार मिळत नाही, उलट पुढची वाट कुठे तुटली आहे तेही कळते.

गाडीची खरी परीक्षा सड्यावर होते. तेथील जांभ्याचा कातळ खडबडीत आणि धारदार असतो. त्यामुळे वाळूसाठी करतात तशी टायरमधील हवा कमी केली, तर टायरची बाजूच चिरली जाते. सोडून दिलेल्या चिरेखाणी, म्हणजे बांधकामाचे जांभे दगड काढलेल्या खाणी, हा त्याहून मोठा धोका आहे. त्यांच्या भिंती सरळ तासलेल्या असतात, कठडा नसतो आणि वाळलेल्या गवतामुळे कड अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तेव्हा अनोळखी सड्यावर एकाने उतरून पुढे चालावे. त्याच गवतावर गाडी कधीही उभी करू नये. तापलेल्या सायलेन्सरने गवत पेटले तर वणवा बघता बघता काजू-आंब्याच्या बागेत शिरतो, आणि कलमांची वीस वर्षांची मेहनत एका दुपारी जाते.

खाजणाबद्दल, म्हणजे भरतीचे पाणी शिरणाऱ्या दलदलीच्या जमिनीबद्दल, मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो. खाडीकाठच्या अशा जमिनीवर उन्हाने कडक पापुद्रा धरला होता, त्यावरून मी चालूनही पाहिले होते. पण माणसाला पेलणारा तो पापुद्रा जीपला पेलला नाही आणि चारही चाके खालच्या काळ्या चिखलात रुतली. लो रेंज (जास्त ओढीचा गिअर) लावून केलेल्या प्रत्येक प्रयत्नाने ती आणखी खाली गेली. अखेर ट्रॅक्टर मिळाला, तोवर भरतीचे पाणी गाडीपर्यंत पोहोचले होते.

भरतीची वेळ काढायला आमच्याकडे सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारच्या सुमारास येते आणि पूर्ण ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला असते. त्या दिवशी उधाण असल्याने पाणीही खूप मागे हटते. दिवसभर सड्यावरून हिंडून आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी पोहोचणाऱ्याला याच दोन तिथी सोयीच्या आहेत.

गाडी तेथे सुरूबनाच्या अलीकडेच ठेवावी. आंजर्ले आणि वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यापासून वाळूत घरटी करतात, म्हणजे आपल्या सफरीचा आणि त्यांच्या अंड्यांचा हंगाम एकच आहे. चाकांनी वाळू दाबली की पिल्लांना वर येता येत नाही, आणि आलेली पिल्ले चाकोरीत अडकतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे, हेही लक्षात असू द्यावे. सुरूबनापासून पाण्यापर्यंतचे अंतर पायी चालायला फार नाही.