फोके-वुल्फ १९० चं मॉडेल करताना आधी एक संध्याकाळ निवडा

तुम्ही विचारलंय की फोके-वुल्फ १९० या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानाचं १/४८ मापाचं प्लास्टिक किट घरी आलंय, याआधी दोन-तीन साधी मॉडेल्स झाली आहेत, आणि हे मात्र जवळून पाहणाऱ्यालाही खरं वाटावं असं करायचंय. त्यासाठी पितळी पत्र्याचे भाग, रेझिनचं कॉकपिट वगैरे वेगळं विकत घ्यावं का, आणि सुरुवात कुठून करावी?

विकत काहीच घेऊ नका, निदान आत्ता. आधी विमान निवडा. किट निवडून झालंच आहे, मी म्हणतोय ते खरं विमान. या जातीची २०,००० हून जास्त विमानं बनली. 'फोके-वुल्फ १९०' असं सरसकट काही बनवायला गेलात तर इथे कोणता डाग, तिथे कोणता रंग, दार उघडं की बंद, असे शंभर प्रश्न पडतील आणि प्रत्येकाचं उत्तर अंदाजाने द्यावं लागेल. एक विमान, एक जागा, एक दिवस ठरवलात की यातले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

माझं उदाहरण देतो. मी निवडलं ते आर्मिन फाबर या वैमानिकाचं ए-३ प्रकारचं विमान, आणि दिवस २३ जून १९४२. त्या संध्याकाळी फाबर इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागावर स्पिटफायर विमानांशी लढला आणि लढाईनंतर दिशा चुकला. ब्रिस्टलची खाडी त्याला इंग्लिश खाडी वाटली. ती ओलांडून आपण फ्रान्सला पोचलो अशा समजुतीने तो वेल्समधल्या पेम्ब्रे इथे उतरला, आणि तो होता ब्रिटिश हवाई दलाचा तळ. ड्यूटीवरचा माणूस इशाऱ्याचं पिस्तूल घेऊन धावत गेला आणि फाबरला पकडलं. ज्या विमानाने ब्रिटिशांना कित्येक महिने हैराण केलं होतं, ते त्यांना एकही ओरखडा नसलेलं मिळालं. त्यांनी ते सगळ्या बाजूंनी तपासलं, त्याचे फोटो काढले, स्पिटफायरच्या पाचव्या आवृत्तीच्या शेजारी उडवून पाहिलं. वेगात आणि कुशीवर वळण्यात जर्मन विमान सरस निघालं, फक्त लहान वर्तुळात वळण्यात स्पिटफायर वरचढ राहिलं.

मॉडेल करणाऱ्याला यात काय मिळालं? फोटो मिळाले. आणि विमानाची नेमकी अवस्था मिळाली. नुकतंच उतरलेलं, नुकत्याच गोळ्या झाडलेलं, पण चिखलात महिनोन्महिने न पडलेलं. म्हणजे तोफांच्या तोंडाशी ताजी काजळी हवी, एक्झॉस्टमागे काळपट धूर हवा, आणि रंगाचे पोपडे मात्र नकोत. बाजारात तयार मॉडेल्सचे व्हिडिओ पाहून लोक प्रत्येक विमान दहा वर्षं उघड्यावर सडल्यासारखं रंगवतात, ते मला मनापासून खटकतं. आघाडीवरच्या लढाऊ विमानाला तेवढं आयुष्यच नसायचं.

तुम्ही दुसरं विमान निवडा, हरकत नाही. पण ज्याचे निदान तीन-चार बाजूंनी फोटो आहेत असंच निवडा. आणि कृष्णधवल फोटोवरून रंग ठरवू नका. त्या काळच्या काही फिल्मवर पिवळा रंग जवळजवळ काळा दिसतो.

आता कामाकडे. पुढचं सगळं एकाच हिशेबावर चालतं, तो पाठ करून ठेवा. १/४८ मध्ये तुमचा १ मिमी म्हणजे खऱ्या विमानाचे जवळजवळ ५ सेंमी. दोन अर्ध्या धडांच्या सांध्यात अर्धा मिमी फट राहिली, तर खऱ्या विमानात तिथे बोट जाईल. चाकांची झाकणं किटमध्ये ०.८ मिमी जाड असतील, तर ती जवळजवळ ४ सेंमी जाडीची पोलादी फळी झाली. म्हणून पितळी पत्रे घेण्याआधी या झाकणांच्या कडा आतल्या बाजूने ४०० नंबरच्या सँडपेपरवर घासून पातळ करा. कडा पातळ दिसली की पाहणाऱ्याचा डोळा संपूर्ण झाकण पातळ मानतो. पंखाच्या मागच्या कडेचंही तसंच. एका संध्याकाळचं काम आहे, पैसा शून्य, आणि फरक रेझिनच्या कॉकपिटपेक्षा जास्त.

तोफांच्या नळ्यांसाठी औषधाच्या दुकानातली इंजेक्शनची सुई आणा, २२ गेजची. तिचं बाहेरचं माप ०.७ मिमी आणि आतलं ०.४ मिमी असतं. पंखाच्या मुळाशी असलेल्या तोफा २० मिमीच्या होत्या. २० ला ४८ ने भागा, ०.४ येतं. हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं. सुई कापताना पक्कडीने दाबली तर भोक बुजतं, म्हणून बारीक कानशीने गोल फिरवत कापा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा. याच तोफांच्या नळ्या चाकांच्या खोबणीतून आरपार जातात. विमान उलटं केल्यावर त्या दिसल्या पाहिजेत. तुमच्या किटमध्ये नसतील तर त्याही सुईच्याच करा.

आता चाकांचे पाय. इथे मी स्वतः चुकलो होतो, म्हणून जरा रेंगाळतो. पहिल्या मॉडेलमध्ये मी दोन्ही पाय काटकोनात, सरळ उभे चिकटवले. नीटनेटकं दिसतं म्हणून. विमान पूर्ण झालं, समोरून फोटो काढला आणि ते दुसरंच कुठलंतरी विमान वाटायला लागलं. कारण कळायला आठवडा गेला. खऱ्या विमानात हे पाय पंखाला बरेच बाहेरच्या बाजूला जोडलेले असतात आणि समोरून पाहिलं तर खाली जाताना आत झुकतात. चाकं एकमेकांकडे कललेली. बाजूने पाहिलं तर पाय पुढे झेपावलेले. या दोन कोनांमुळे त्या विमानाला झडप घालायच्या तयारीत बसलेल्या जनावराचा पवित्रा येतो. हल्लीच्या चांगल्या किटमध्ये खाचा बरोबर असतात, तरी सिमेंट (प्लास्टिक चिकटवायचा गोंद) सुकेपर्यंत पाय हलतात. पुठ्ठ्यावर समोरून दिसणारा कोन आखून, तो कापून साचा करा आणि रात्रभर विमान त्याच्यात टेकवून ठेवा.

पायांचा हा रुंद पसारा मुळात आला तो कुर्ट टांकच्या विचारातून. हे विमान त्याच्या हाताखाली ब्रेमेनला तयार झालं आणि १ जून १९३९ ला पहिल्यांदा उडालं. टांक पहिल्या महायुद्धात घोडदळात होता. त्याला शर्यतीचा घोडा नको होता, खडबडीत मैदानावर, कमी शिकलेल्या मेकॅनिकच्या हातीही टिकेल असं लष्करी घोडं हवं होतं. हाच टांक पुढे १९५०च्या दशकात भारतात आला आणि बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये एचएफ-२४ मरुत हे जेट लढाऊ विमान त्याच्या चमूने उभं केलं. ते १७ जून १९६१ ला उडालं. मुंबईत असाल तर वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक मरुत आवारात उभं आहे. जाऊन बघा. मॉडेलवाल्याच्या नजरेने बघा: पत्र्यांचे सांधे किती बारीक आहेत, रिव्हेट दहा पावलांवरून दिसतात की नाही, ऊन-पावसाने रंग कुठे आधी उडतो. पुस्तकातून जे डोक्यात बसत नाही ते तिथे तासाभरात बसतं. मी तिथून परत आल्यावर पॅनेलच्या, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या, रेषांत काळा वॉश (अगदी पातळ केलेला रंग) भरणं बंद केलं. आता रंगापेक्षा थोडाच गडद करडा वापरतो.

टांकने विमानातल्या बऱ्याच गोष्टी विजेवर चालवल्या होत्या, चाकं आणि फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची खाली झुकणारी झडप) सुद्धा. याचा मॉडेलशी थेट संबंध आहे. अमेरिकन मस्टँगसारख्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, विमानात उभं असताना दाब ओसरला की फ्लॅप आपोआप लोंबतात. इथे ते तसे लोंबत नाहीत, वैमानिकाने ठेवले तसे राहतात. म्हणून उभ्या विमानाचे फ्लॅप उगाच खाली दाखवू नका. आणि चाकं बाहेर आली की पंखाच्या वरच्या बाजूला एक छोटी काडी वर येते, वैमानिकाला खात्री पटावी म्हणून. बहुतेक मॉडेल्सवर ती नसते. गरम करून ताणलेल्या स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या काड्यांना जोडलेले येतात त्यांचा) दीड मिमीचा तुकडा प्रत्येक पंखावर उभा करा, झालं.

कॉकपिटवर जीव ओता, पण मोजून. रंग काळपट करडा, जर्मन यादीतला ६६ क्रमांकाचा. त्यावर तोच रंग थोडा फिका करून सुक्या ब्रशने कडा उजळा. सीटचे पट्टे मास्किंग टेपच्या १ मिमी रुंद पट्ट्यांनी छान होतात. बाकी आत काय आहे ते काच बसवल्यावर फारसं दिसत नाही.

काचेबद्दल मात्र एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. या विमानाचं धड मागे निमुळतं होत जातं, त्यामुळे सरकती काच मागे जाताना तिच्या दोन्ही बाजू आत दबल्या जायच्या. तशी सोयच तिच्या पुढच्या चौकटीत केली होती. म्हणजे उघडी काच बंद काचेपेक्षा अरुंद असते. बंद काच तशीच मागे सरकवून चिकटवली तर ती धडाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावते आणि काहीतरी चुकलंय हे नवख्यालाही जाणवतं. एदुआर्द या चेक कंपनीच्या १/४८ किटमध्ये दोन्ही अवस्थांसाठी वेगळ्या काचा मिळतात. तुमच्या किटमध्ये एकच असेल तर ती बंदच ठेवा.

नाकाशी मोठ्या पंख्यामागे, म्हणजे प्रॉपेलरमागे, आणखी एक छोटा, बारा पात्यांचा पंखा आहे. १४ सिलिंडरच्या बीएमडब्ल्यू ८०१ इंजिनाला वारा घालण्यासाठी तो मोठ्या पंख्याच्या सुमारे तिप्पट वेगाने फिरायचा. सुरुवातीला या इंजिनाच्या सिलिंडरची मागची रांग फार तापायची. त्या पात्यांच्या मागे आधी पूर्ण काळा मारा, मग पाती रंगवा. पोकळी खोल वाटली पाहिजे.

रंगकाम. वरून करडा-हिरवा ७४ आणि करडा-जांभळा ७५, खालून फिकट निळसर ७६, कुशीवर त्याच वरच्या रंगांचे विरळ ढग. ढगांसाठी रंग दुधाइतका पातळ, दाब कमी, एअरब्रश पृष्ठभागाच्या अगदी जवळ. आधी जुन्या बाटलीवर तासभर सराव करा. आणि कोकणपट्टीत राहत असाल तर जुलैत लॅकर जातीचा रंग मारू नका. माझं एक धड पावसाळी हवेत दुधी पडलं, रंगात ओल अडकून. मग कोरड्या दिवशी नुसत्या थिनरचा हलका हात मारल्यावर ते निवळलं. डिकॅल (पाण्यात भिजवून लावायची छापील चिन्हं) लावण्याआधी ग्लॉस वार्निश हवंच, नाहीतर डिकॅलखाली हवा राहून चंदेरी झाक येते.

शेवटी शेपटीवरच्या नाझी चिन्हाबद्दल, कारण ते डिकॅल हातात आलं की तुम्हीही थांबाल. बऱ्याच किटमध्ये ते दोन तुकड्यांत येतं किंवा नसतंच, जर्मनीतल्या कायद्यामुळे. त्याचं आपल्या उंबरठ्यावरच्या स्वस्तिकाशी असलेलं साम्य ऐकून घरातली लहान मुलं गोंधळतात, मोठीही. मी ते लावतो, कारण हे यंत्र त्याच राजवटीचं होतं आणि त्या राजवटीच्या विमान कारखान्यांत सक्तीने आणलेली माणसं राबत होती. ते चिन्ह काढून टाकलं तर नुसतं देखणं विमान उरतं, आणि ते मला खोटं वाटतं. मॉडेलखाली मी एक कार्ड ठेवतो: वैमानिक, ठिकाण, तारीख, आणि या कामगारांबद्दल एक ओळ. तुम्ही न लावायचं ठरवलंत तरी कार्ड ठेवा.

अँटेनाची तार सगळ्यात शेवटी, नाहीतर ती हात लागून तीनदा तरी तुटेल. धड चिकटवण्याआधी कॉकपिटचा आणि चाकांच्या खोबणीचा फोटो इथे टाका, तोफांच्या नळ्या बरोबर जागी आहेत का ते पाहून सांगतो. एकदा धड मिटलं की तिथे हात पोचत नाही.