मुद्दल डोक्याच्या मागे असते

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

केशप्रत्यारोपणाविषयीचे तुझे पत्र आणि त्यासोबतची दोन्ही सर्जनची मते मी दोनदा वाचली. पहिल्याने एकाच बैठकीत ३५०० ग्राफ्ट, म्हणजे डोक्याच्या मागून काढलेले केसांचे छोटे गट, पुढे लावून तुझी केशरेषा शाळेत असताना होती तेथे आणून देण्याचे आश्वासन दिले आहे. दुसऱ्याने आधी वर्षभर औषधोपचार, त्यानंतर सुमारे १८०० ग्राफ्ट आणि कपाळावर थोडी उंच, कानशिलांकडे मागे वळलेली केशरेषा सुचवली आहे. पहिल्याकडून तू आनंदाने बाहेर पडलास आणि दुसऱ्याने निराश केले, असे तू लिहिले आहेस. वयाच्या सव्विसाव्या वर्षी मलाही अगदी असेच वाटले असते. किंबहुना वाटले होते, आणि म्हणूनच हे पत्र लांबणार आहे.

या शस्त्रक्रियेचा पाया काय आहे ते आधी नीट समजून घे, कारण सर्जनची पारख त्यावरूनच होते. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५२ मध्ये पुरुषी टकलावर पहिले प्रत्यारोपण केले आणि १९५९ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला: डोक्याच्या मागच्या व बाजूच्या भागातील केस टकलाच्या जागी नेऊन लावले, तरी ते आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत आणि तेथेही वाढत राहतात. आजचे सारे प्रत्यारोपण याच तत्त्वावर उभे आहे. मात्र यातून नवा केस एकही निर्माण होत नाही, मागचा केस फक्त पुढे येतो, आणि जेथून तो काढला तेथे पुन्हा उगवत नाही. मागच्या बाजूचे हे केस म्हणजे तुझे मुद्दल आहे. त्यावर व्याज मिळत नाही, आणि एकदा खर्च झाले की कोणी कर्जही देत नाही.

आता थोडा हिशेब करू. केस त्वचेतून एकेकटे उगवत नाहीत. एक ते चार केसांच्या नैसर्गिक गटांनी उगवतात, आणि अशा एका गटालाच ग्राफ्ट म्हणतात. निरोगी डोक्यावर एका चौरस सेंटिमीटरमध्ये साधारण ६५ ते ८५ गट असतात. मागची बाजू विरळ दिसू न देता आयुष्यभरात काढता येतील असे ग्राफ्ट बहुतेकांच्या डोक्यावर ४००० ते ८००० च्या दरम्यान असतात. तुझे वडील आणि मामा यांच्याविषयी तू जे लिहिले आहेस, त्यावरून तुझे टक्कल पुढे वाढण्याची शक्यता धरूनच चालावे लागेल. समजा ते दोनशे चौरस सेंटिमीटरपर्यंत पसरले आणि तेथे निम्मीच दाटी करायची ठरवली, तरी ७००० ग्राफ्ट लागतील. म्हणजे पहिला सर्जन कदाचित तुझे अर्धे मुद्दल एका दिवसात फक्त पुढच्या पट्टीवर खर्च करू पाहतो आहे, आणि तेही टक्कल कोठे थांबणार हे स्पष्ट होण्याआधी.

माझ्या बाबतीत नेमके हेच झाले. मी पंचविशीत होतो. सर्जनने आरशासमोर माझ्या कपाळावर खाली, जवळजवळ सरळ रेषा ओढली, आणि ती पाहून मी इतका हरखलो की दुसरा एकही प्रश्न विचारला नाही. दीड वर्ष मी अतिशय सुखात होतो. नंतर लावलेल्या केसांच्या मागचे माझे मूळचे केस गळत गेले, कारण प्रत्यारोपणाने गळती थांबत नाही, आणि तिशी ओलांडेपर्यंत पुढे केसांची एक पट्टी व तिच्यामागे उघडी जागा असे ते दृश्य झाले. पुढे एका दुसऱ्या सर्जनने कोपऱ्यांतील काही ग्राफ्ट काढून मागे लावले आणि उरलेल्या मुद्दलातून मधली जागा भरली. भोवऱ्यासाठी काहीच शिल्लक राहिले नाही. पहिल्या सर्जनने लावलेले केस सगळे उगवले होते. त्याचा हात वाईट नव्हता. मी पन्नाशीत कसा दिसेन, हा विचार त्याने केला नाही आणि मीही केला नाही.

म्हणून सर्जनची पहिली परीक्षा मी अशी घेईन: तो आधी काय पाहतो? तुझे कपाळ पाहण्याआधी ज्याने तुझी मान खाली करायला लावून मागची बाजू भिंगाखाली पाहिली, तो योग्य क्रमाने विचार करतो आहे. तेथे त्याला तीन गोष्टी शोधायच्या असतात. पहिली घनता. दुसरी केसाची जाडी, जिच्याकडे रुग्ण सहसा लक्षच देत नाहीत: ७५ मायक्रॉन जाडीच्या केसाचा छेद ६० मायक्रॉनच्या केसाच्या दीडपटीहून अधिक भरतो, त्यामुळे तेवढ्याच ग्राफ्टमध्ये एकाचे डोके भरलेले दिसते आणि दुसऱ्याचे विरळ. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मागचेही केस बारीक होऊ लागले आहेत का. काही जणांमध्ये गळती ठरावीक भागापुरती न राहता सगळीकडे पसरलेली असते. अशा माणसाचे मागचे केस पुढे नेले, तर तेही पुढे जाऊन गळतात, आणि त्याच्यावर शस्त्रक्रिया न करणे हाच योग्य निर्णय असतो. टाळूवर लाली, खपल्या किंवा गुळगुळीत व्रण असलेले डाग असतील, तर व्रण करणारा एखादा त्वचारोग तर नाही ना, याची खात्री आधी व्हायला हवी, कारण असा आजार जागा असताना लावलेले केस टिकण्याचा भरवसा नसतो. तुझ्या पहिल्या सर्जनने हे काही पाहिल्याचे तू लिहिलेले नाहीस. त्याने तुझी छायाचित्रे मागवून आकडा कळवला, एवढेच तुझ्या पत्रातून दिसते.

दुसरी परीक्षा भविष्याची आहे. टकलाचे टप्पे सांगण्यासाठी हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये मांडलेली आणि नॉरवूड यांनी १९७५ मध्ये सुधारलेली सात टप्प्यांची मोजपट्टी वापरतात. दोघांनाही सरळ विचार: "मी सहाव्या टप्प्यापर्यंत गेलो, तर आज काढलेली ही रेषा कशी दिसेल, आणि तेव्हा माझ्याकडे किती ग्राफ्ट उरलेले असतील?" ज्याच्याजवळ या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत आहे, त्याने योजना केली आहे. जो "तेव्हाचे तेव्हा पाहू" म्हणेल, त्याच्याकडे तुझ्यासाठी फक्त एका दिवसाचे काम आहे. केशरेषा थोडी उंच ठेवणे आणि कानशिलांचे कोपरे मागे सोडणे हा तुझ्या दुसऱ्या सर्जनचा अनुत्साह नाही. प्रौढ पुरुषाची नैसर्गिक रेषा तशीच असते, आणि चाळिशीतही ती चेहऱ्याला शोभते. उंच लावलेली रेषा पुढे कधीही खाली आणता येते, खाली लावलेली वर नेणे मात्र फार कठीण असते. मी ते भोगले आहे.

औषधांचा मुद्दाही इथेच येतो. टाळूवर लावायच्या मिनॉक्सिडिलला अमेरिकेच्या औषध नियामकाने १९८८ मध्ये आणि फिनास्टेराइडच्या १ मिलिग्रॅम गोळीला १९९७ मध्ये पुरुषी टकलासाठी मान्यता दिली. मूळचे केस टिकवणे हे या औषधांचे काम आहे, आणि जे केस टिकतील त्यांच्या जागी मुद्दल खर्चावे लागत नाही. फिनास्टेराइडमुळे काही थोड्या पुरुषांना लैंगिक तक्रारी जाणवतात आणि काहींना मन खिन्न होण्याचा त्रास होतो. हे तू न विचारताही तुला सांगणारा सर्जन प्रामाणिक आहे असे समज. औषध घ्यायचे की नाही, हा निर्णय तुझा आहे. मात्र सव्विसाव्या वर्षी औषधाचा विषयच न काढता शस्त्रक्रियेची तारीख देणाऱ्याकडे मी जाणार नाही.

आता हाताविषयी. शस्त्रक्रियेचे टप्पे पाच: आखणी, भूल, मागून ग्राफ्ट काढणे, पुढे बारीक चिरा पाडणे आणि त्यांत ग्राफ्ट बसवणे. ग्राफ्ट निवडणे, मोजणे आणि बसवणे हे काम प्रशिक्षित सहायक सर्जनच्या देखरेखीखाली करतात, त्यात वावगे काही नाही. कित्येक सहायकांचा हात त्यात फार सुंदर बसलेला असतो. आखणी, ग्राफ्ट काढणे आणि चिरा पाडणे ही कामे मात्र डॉक्टरनेच करायला हवीत. काढताना सुमारे १ मिलिमीटर किंवा त्याहून लहान व्यासाचा पंच, म्हणजे गोल पोकळ पात्याचे अवजार, केसाच्या त्वचेखालील दिशेने नेमका जावा लागतो, आणि ती दिशा वरून दिसत नाही. पंच किंचित तिरका गेला तरी मूळ कापले जाते आणि ते मुद्दल कायमचे बुडते. चिरांचे तर विशेषच महत्त्व आहे, कारण केस कोणत्या कोनात आणि कोणत्या दिशेने उगवणार हे चिरेनेच ठरते. रेषेवर पहिल्या ओळींत एकेकच केसाचे ग्राफ्ट, किंचित अनियमित आणि त्वचेला बऱ्यापैकी लागून झुकलेले असले, तर पाहणाऱ्याला काही कळत नाही. तेथे तीन-तीन केसांचे ग्राफ्ट उभे लावले, तर बाहुलीच्या केसांसारखे दिसतात.

परवाना नसलेल्या सहायकांकडून सबंध शस्त्रक्रिया करवून घेण्याचा प्रकार इतका पसरला आहे, की १९९३ मध्ये स्थापन झालेली केशशल्यचिकित्सकांची आंतरराष्ट्रीय संघटना, इंटरनॅशनल सोसायटी ऑफ हेअर रिस्टोरेशन सर्जरी, रुग्णांना त्याविषयी जाहीर इशारे देत आली आहे. म्हणून "शस्त्रक्रिया आपणच करता ना?" असा मोघम प्रश्न विचारू नकोस, त्याला सगळेच हो म्हणतात. प्रत्येक टप्प्याचे नाव घेऊन विचार, आणि उत्तर लेखी माग. त्या दिवशी आणखी किती रुग्ण आहेत, हेही विचार. एकाच वेळी चार खोल्यांत शस्त्रक्रिया चालू असतील, तर एक सर्जन चारही ठिकाणी पंच धरू शकत नाही.

पंचाने एकेक ग्राफ्ट काढायचा की त्वचेची पट्टी काढून टाके घालायचे, या वादात फार वेळ घालवू नकोस. पट्टीने मागे एक रेघ राहते, पंचाने ठिपके राहतात. केस अगदी बारीक ठेवणार असशील, तर पंच बरा. पात्याचे नाव, यंत्राचे नाव, पद्धतीचे आकर्षक नाव, ही अवजारांची नावे आहेत.

छायाचित्रांवर मात्र पुष्कळ वेळ घालव. आधी आणि नंतरच्या चित्रांत प्रकाश, कोन आणि केसांची लांबी एकच आहे का, ते पाहा. आधीचे केस ओले व वरून प्रकाश, नंतरचे कोरडे व फुगवलेले, असे असेल तर ती तुलनाच नव्हे. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळून पडतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पुन्हा उगवू लागतात, आणि खरा परिणाम साधारण वर्षाने दिसतो, भोवऱ्यावर त्याहून उशिरा. तेव्हा वर्ष पूर्ण झालेल्या रुग्णांची चित्रे माग, आणि त्यांतही तुझ्यासारखे वय, तुझ्यासारखा टप्पा आणि तुझ्यासारखा केस असलेल्यांची. चलचित्र असेल तर अधिक चांगले: कंगव्याने केस मागे ओढून रेषा जवळून दाखवलेली. आणि जे कोणी सहसा मागत नाही ते आवर्जून माग, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर केस बारीक कापलेल्या रुग्णाच्या डोक्याच्या मागच्या बाजूचे चित्र. मागे कसर लागल्यासारखे ठिपके दिसले, तर त्या सर्जनने मुद्दल ओरबाडले आहे, पुढची बाजू कितीही देखणी असो. चार-पाच वर्षांपूर्वीच्या एखाद्या रुग्णाशी त्याच्या संमतीने बोलणे शक्य झाले, तर ते शंभर चित्रांहून मोलाचे ठरेल.

ही शस्त्रक्रिया जागेपणी होते आणि कित्येक तास चालते. जागा बधिर करण्याच्या औषधाचे प्रमाण वजनावरून ठरते आणि त्याला मर्यादा असते. तेव्हा वजन, रक्तदाब, चालू औषधे, अ‍ॅलर्जी यांची चौकशी न करणारा माणूस कितीही गोड बोलत असला, तरी तेथून उठून ये. तसेच तुझी पहिली भेट सर्जनशी न होता सल्लागार म्हणवणाऱ्या विक्रेत्याशी झाली असेल आणि त्याने आजच आगाऊ रक्कम भरल्यास सवलत देऊ केली असेल, तर ती सवलत घेऊ नकोस. तुझ्या पत्रातील "आठवडाअखेरपर्यंतच" हे शब्द मला खटकले आहेत.

माझे मत दुसऱ्या सर्जनकडे झुकते, हे तुला एव्हाना कळले असेल. तरीही त्यालाही सूट देऊ नकोस. सावध बोलणारा प्रत्येक जण कुशल असतोच असे नाही. त्याची जुनी चित्रे मी पाहिलेली नाहीत, चिरा तो स्वतः पाडतो का हे तुझ्या पत्रात नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर वर्षभर तो तुला स्वतः तपासणार की सहायकाकडे सोपवणार, हेही तू विचारलेले दिसत नाही. त्याच्याकडे पुन्हा जा, हे तीन प्रश्न विचार आणि मागच्या बाजूची घनता त्याने किती मोजली तो आकडा लिहून आण. पहिल्याला या आठवड्यात काहीही कळवू नकोस. केस अगदी बारीक कापून, दिवसाच्या उजेडात डोक्याच्या मागच्या बाजूचे एक छायाचित्र काढ आणि त्या आकड्यासोबत मला पाठव. मग आपण पुढचे बोलू.

तुझा शुभचिंतक