एन्क्रिप्शनची की कुणाच्या हातात द्यायचीच नाही

प्रश्न : आमच्या जावा अ‍ॅपमध्ये ग्राहकांचे बँक डिटेल्स एईएस या पद्धतीने एन्क्रिप्ट करून (सांकेतिक रूपात) ठेवतो. ते उलगडणारी गुप्त किल्ली, म्हणजे की, एका क्लासमध्ये स्टॅटिक फायनल स्ट्रिंग (कोडमध्येच लिहिलेला न बदलणारा मजकूर) आहे, फील्ड प्रायव्हेट केलंय. तरी सीनियर म्हणतात चालणार नाही. का?

उत्तर : सीनियरचं ऐका. प्रायव्हेट लिहिलं की फक्त दुसऱ्या क्लासच्या कोडला ते फील्ड थेट वापरता येत नाही, बाकी जार फाइल (तयार प्रोग्रामची फाइल) कुणाच्या हाती लागली तर डीकंपाइल करून (तिच्यातून वाचता येईल असा कोड परत काढून) ती स्ट्रिंग लगेच दिसते, आणि गिटमध्ये (कोडचे सगळे बदल जपणारं टूल) एकदा कमिट झाली की नंतर ओळ काढली तरी हिस्टरीत राहतेच. म्हणून आधी ही की बदला आणि जुना डेटा नव्या कीने परत एन्क्रिप्ट करा. नवी की केएमएसमध्ये (की सांभाळणारी वेगळी सेवा) ठेवा, ते जमत नसेल तर निदान कीस्टोअरमध्ये (पासवर्ड लावलेली की ठेवायची फाइल), त्याचा पासवर्डही कोडच्या बाहेर.

आता क्लासचं बघू, खरी गडबड इथेच होते. की बाहेर देणारी गेटर मेथड असेल तर ती आधी उडवा. की एकाच ऑब्जेक्टकडे, आणि त्याने बाहेर फक्त एन्क्रिप्ट आणि डिक्रिप्ट एवढंच दाखवायचं, पेमेंटच्या क्लासला की बघायची गरजच काय? की ठेवणाऱ्या क्लासवर लोम्बोकचं (नेहमीचा कोड आपोआप लिहून देणारी लायब्ररी) डेटा अ‍ॅनोटेशन तर अजिबात नको, ते टू-स्ट्रिंग (ऑब्जेक्टमधलं सगळं मजकूर म्हणून देणारी मेथड) आपोआप बनवतं, मग कुणीतरी डीबगसाठी ऑब्जेक्ट लॉगमध्ये टाकतो आणि की बाइट अ‍ॅरेत असेल तर तिच्या 32 च्या 32 बाइट्स लॉग फाइलमध्ये छापून येतात! क्लास सिरियलायझेबल असेल (म्हणजे त्याचा ऑब्जेक्ट फाइलमध्ये साठवता किंवा पाठवता येत असेल) तर कीचं फील्ड ट्रान्झियंट करा, म्हणजे ते त्यातून वगळलं जाईल.

आता की स्ट्रिंगमध्ये का नको, बाइट अ‍ॅरेत का, तर स्ट्रिंग बदलता येत नाही म्हणजे पुसताही येत नाही, गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी साफ करणारा जावाचा भाग) येईपर्यंत मेमरीत पडून राहते आणि हीप डंप (मेमरीची फाइलमधली प्रत) काढला की सापडते. बाइट अ‍ॅरे काम झाल्यावर शून्यांनी भरता येते. पण सीक्रेट-की-स्पेक (कीच्या बाइट्सपासून की बनवणारा जावाचा क्लास) त्या बाइट्सची स्वतःची कॉपी करतं, ती तुमच्या हाताने पुसली जात नाही, जावा 17 मध्ये त्यावर डिस्ट्रॉय (की नष्ट करायची मेथड) कॉल केलं तर चक्क एक्सेप्शन येतं. त्यामुळे कॉपीज मुळातच कमी होतील असं बघा, पुसण्यावर फार भिस्त नको.

एईएसचा जीसीएम मोड (एन्क्रिप्ट करण्याची एक पद्धत) वापरत असाल तर दर वेळी नवा 12 बाइटचा आयव्ही (प्रत्येक एन्क्रिप्शनला लागणारी वेगळी सुरुवातीची संख्या) घ्या, आणि प्रत्येक रेकॉर्डसोबत कीचा आयडी साठवा, म्हणजे पुढच्या वेळी की बदलताना जुना-नवा डेटा एकत्र चालतो आणि सर्व्हर बंद ठेवावा लागत नाही.