एकटा येतो, एकटा जातो, मग नाती कशाला?

माणूस एकटा येतो, एकटा जातो, मधल्या काळात नाती आणि समाज त्याला बांधून ठेवतात. मग खरं स्वातंत्र्य हवं असेल तर हे सगळं सोडूनच द्यायला नको का, असं तुम्ही विचारलंय. सोबत ‘दुसरी माणसं म्हणजे नरक’ हे फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रचं वाक्यही दिलंय. तुमच्या प्रश्नाचा पहिलाच भाग मला पटत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

एकटं कोणीच येत नाही. जन्माच्या वेळी दुसरं एक माणूस तिथे असतंच, आणि कळा तेच सोसत असतं. पुढे ‘मी’ हा शब्दसुद्धा आपल्याला दुसऱ्यांकडून मिळतो. दोन वर्षांचं मूल पुष्कळदा ‘मला हवं’ म्हणायच्या आधी स्वतःचं नाव घेऊन मागतं, कारण घरातले सगळे त्याला त्याच नावाने हाक मारत असतात. आधी हाक, मग ओ, आणि पुढे कधीतरी ‘मी’. ज्या ‘मी’साठी आपण स्वातंत्र्य मागतो, तो असा चारचौघांत घडलेला असतो.

एकटं जाण्याबद्दल मात्र विचार करावा लागतो. माझं मरण माझ्या वतीने दुसरं कोणी मरू शकत नाही, असं जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर म्हणतो, आणि ते खरंच आहे. पण ते जवळून कसं असतं हे मी एकदा पाहिलंय.

माझ्या बाबांची मूत्रपिंडं निकामी झाली होती, ते चार वर्षं डायलिसिसवर होते, म्हणजे रक्त मशीनने शुद्ध करून घ्यायचे. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. डाव्या हाताला फिस्टुला केलेला होता, म्हणजे शीर आणि धमनी आतून जोडलेली. त्यावर बोट ठेवलं की आत अखंड घरघर जाणवते, मांजर पोटाशी धरल्यासारखी. ती बंद पडली तर पंचाईत, म्हणून रोज रात्री मी तिथे बोट ठेवून बघायचे. पाणी मोजून. सकाळी एका बाटलीत दिवसभराचं भरून ठेवायचं, गोळ्या गिळायलाही त्यातलंच. फार तहान लागली की बाबा बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचे.

एका संध्याकाळी मशीनवरून घरी आल्यावर ते म्हणाले, “आता पुरे.” मला वाटलं, आजच्यापुरतं म्हणतायत. “नाही, कायमचं. पण मी आत्ता थकलोय, तेव्हा आत्ताचं माझं बोलणं धरू नका. अजून तीनदा जाऊन येतो. दर वेळी सकाळी, मी ताजा असताना, मला पुन्हा विचारा.”

सतराव्या शतकातला डच तत्त्वज्ञ स्पिनोझा मला नीट कळला तो त्या आठवड्यात. 1656 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने त्याला वाळीत टाकलं. त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, चार हातांच्या आत यायचं नाही, त्याने लिहिलेलं वाचायचं नाही. समाजाने बांधलेलं आणि समाजानेच तोडलेलं, दोन्ही त्याने भोगलं. तरी ‘मला वाटेल ते मी करतो’ याला तो स्वातंत्र्य म्हणायला तयार नव्हता. एका पत्रात त्याने भिरकावलेल्या दगडाचं उदाहरण दिलंय: त्या दगडाला जाणीव असती तर त्यालाही वाटलं असतं की मी माझ्या मर्जीने उडतोय. आपणही आपल्या इच्छा ओळखतो, पण त्या इच्छांना कोणी ढकललं ते ओळखत नाही. ती ढकलणारी कारणं जेवढी कळतील, तेवढा माणूस मोकळा. बाबांनी स्पिनोझा वाचलेला नव्हता. पण थकवा बोलतोय की राग बोलतोय की आपण स्वतः बोलतोय, हे त्यांनी तीन सकाळी तपासून पाहिलं. डॉक्टरांनीही त्यांच्याशी एकट्याने बराच वेळ बोलून, हे नैराश्य तर नाही ना, याची खात्री करून घेतली. तिन्ही सकाळी उत्तर तेच आलं.

आम्ही भांडलो. आई रडली, भाऊ दार आपटून निघून गेला. मी तर त्यांना सरळ विचारलं, “तुमचा जीव काय तुमच्या एकट्याचा आहे?” ते म्हणाले, “एकट्याचा नाही, म्हणून तर तुम्हाला सांगतोय. एकट्याचा असता तर विचारायला कशाला बसलो असतो?”

तुमच्या प्रश्नावर मला जे म्हणायचंय ते बरंचसं या वाक्यात आहे. निर्णय त्यांचा होता, आमच्या परवानगीची त्यांना गरज नव्हती. पण आमच्यासमोर तो मांडणं, आमचं रागावणं ऐकून घेणं आणि तरीही त्यावर ठाम राहणं, हे सगळं मिळून तो निर्णय त्यांचा झाला होता. आम्हाला टाळून घेतला असता तर तो मला पळ काढल्यासारखा वाटला असता.

आता सार्त्र. ते नरकाचं वाक्य 1944 च्या त्याच्या नाटकात मेल्यानंतर एका खोलीत कोंडलेल्या तिघांपैकी एकाच्या तोंडी आहे. लोकांनी त्याचा अर्थ ‘माणसं वाईटच’ असा घेतला, म्हणून 1965 मध्ये त्याने स्वतः खुलासा केला: नातं बिघडलेलं, पिळवटलेलं असेल तर दुसरा माणूस नरक होतो, कारण स्वतःला ओळखायलाही आपल्याला दुसऱ्याच्याच नजरेचा आधार घ्यावा लागतो. माणसं टाकून द्या, असं त्याने कुठे सांगितलेलं नाही.

त्याचं दुसरं एक उदाहरण मला जास्त छळतं. 1945 च्या एका व्याख्यानात त्याने आपल्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. दुसरं महायुद्ध चालू, भाऊ लढाईत मेलेला, आईला हा एकच आधार. याला इंग्लंडला जाऊन जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या मुक्त फ्रेंच सैन्यात सामील व्हायचंय, पण आईला टाकून जायचं कसं? सार्त्र त्याला म्हणाला, तू स्वतंत्र आहेस, निवड कर. यातला प्रामाणिकपणा मला मान्य आहे, कारण कुठलाही नियम तुमच्या वतीने निवड करत नाही. पण ती गोष्ट जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला खटकतं की त्यात आई एक शब्दही बोलत नाही. मुलगा शिक्षकाला विचारतो, शिक्षक तत्त्व सांगतो, आणि जिच्यावरून हा सगळा पेच, ती फक्त एक अडचण म्हणून बाजूला उभी. कदाचित तिने त्याला ‘जा’ म्हटलं असतं. कदाचित नसतं. पण तिला विचारल्यानंतरची निवड वेगळ्या जातीची झाली असती, एवढं मी बाबांमुळे खात्रीने म्हणू शकते. फ्रेंच तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हारने 1947 मध्ये ही बाजू भरून काढली: स्वतःचं स्वातंत्र्य खरोखर हवं असणं म्हणजे दुसऱ्याचंही हवं असणं. जे नातं मारतं, कोंडतं, तोंड उघडू देत नाही, त्यात हे शक्यच नसतं. त्यातून बाहेर पडावंच. त्यासाठी कुठल्याही तत्त्वज्ञाची सही लागत नाही.

समाजाचं म्हणाल तर त्याचा जाच आम्हीही भोगला. ‘मुलांनीच उपचार थांबवले’ असं चार लोक बोलले, फोन करकरून बोलले. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने 1859 मध्ये लिहिलंय की लोकमताची जुलूमशाही सरकारी जुलमापेक्षा वाईट ठरू शकते, कारण तिच्यापासून पळायला जागा उरत नाही आणि ती थेट मनात शिरते. त्या दिवसांत ती माझ्या मनात शिरली होती. बाबांचं काय, यापेक्षा आपल्याला कोण काय म्हणेल, हा विचार काही क्षण वरचढ झाला, आणि त्याची मला आजही लाज वाटते. पण ती चार वर्षंही समाजानेच दिली होती. कोल्फ नावाच्या डच डॉक्टरने जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, सॉसेजच्या सेलोफेनच्या नळ्या वापरून कृत्रिम मूत्रपिंड, म्हणजे डायलिसिसचं मशीन बनवलं. आधीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले, आणि 1945 मध्ये पहिला जीव निश्चितपणे वाचला. त्या अनोळखी माणसाच्या चिकाटीवर आमचं घर चार वर्षं उभं होतं. बंधन म्हणून सगळा समाज एका फटक्यात तोडून टाकायचा, तर हेही तोडावं लागेल.

राहिलं मरण. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचा युक्तिवाद तुम्हाला ठाऊक असेल: आपण असतो तोवर मरण नसतं, मरण येतं तेव्हा आपण नसतो, मग भीती कशाची? स्वतःच्या मरणापुरतं हे मला पटतं. आपल्या माणसाच्या मरणापुढे ते तोकडं पडतं, कारण तेव्हा मरणही असतं आणि आपणही असतो. पण त्याचं शेवटच्या दिवशीचं म्हणून एक पत्र टिकून आहे. इसवी सन पूर्व 270 च्या सुमाराची गोष्ट. लघवी अडलेली, वेदना टोकाच्या. त्यात तो मित्राला लिहितो की या सगळ्यासमोर मी आपल्या जुन्या संभाषणांच्या आठवणीचा आनंद उभा केलाय, आणि मेट्रोडोरसच्या मुलांकडे लक्ष दे. हा मेट्रोडोरस त्याचा आधीच वारलेला सोबती. मरण म्हणजे काहीच नाही, असं आयुष्यभर शिकवणाऱ्या माणसाला मरताना मित्राशी झालेलं बोलणं आणि दुसऱ्याची पोरं आठवली.

मशीन थांबवल्यावर बाबा आठ दिवस होते. पहिल्या संध्याकाळी त्यांनी पाणी मागितलं. सवयीने मी बाटलीकडे वळले, तर म्हणाले, “अगं, मोजू नकोस.” मी पेला काठोकाठ भरून दिला. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सबंध पेला एका दमात संपवला आणि डोळे मिटून नुसते बसून राहिले. मधल्या दिवसांत भाऊ परत आला, शेवटपर्यंत त्यांच्या पायांशी बसला. बोलणं कमी होत गेलं, झोप वाढत गेली. शेवटच्या रात्री आई त्यांच्या उशाशी होती आणि मी नेहमीसारखं हातावर बोट ठेवलं होतं. पहाटे ती घरघर हळूहळू मंद झाली, मग थांबली. बोट मी बऱ्याच वेळाने काढलं.