कीबोर्डसाठी सोनं गहाण ठेवू का?

अमळनेरचे एक वाचक ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतात. वाद्य पार्टीमालकाचं, एका नाईटचं (कार्यक्रमाचं) मानधन १,५०० रुपये. स्वतःचं वाद्य आणलं तर मालक २,५०० देणार म्हणतो. वर्षाला साधारण ४० सुपाऱ्या (ठरलेले कार्यक्रम), बचत ३५,०००. मनात भरलाय १,२०,००० चा नवा अरेंजर, म्हणजे साथीचे ताल आपोआप वाजवणारा कीबोर्ड. पर्सनल लोन काढू की घरातलं सोनं गहाण ठेवू, असं विचारतात.

भाऊ, दोन्ही नको. नवं वाद्य तुम्हाला २,५०० मिळवून देणार नाही, १,००० देणार. बाकीचे १,५०० तुमची बोटं आजही कमावतातच. म्हणजे वर्षाला ४०,०००. १६ टक्क्यांनी दोन वर्षांचं कर्ज काढलंत तर हप्ता सुमारे ५,८७५, वर्षाचे ७०,५००. फरक कुठून भरणार? त्यात आषाढी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत. कानबाई, गणपती, नवरात्रात मिळेल तेवढंच. बँक काही चातुर्मास पाळत नाही! सोनेतारणाचं व्याज सहसा कमी असतं, पण मुद्दल बहुतेकदा वर्षाच्या शेवटी एकरकमी मागतात. तेव्हा हातात ४०,००० असतील आणि दागिने लिलावाच्या वाटेवर.

अरेंजरचे जास्तीचे पैसे जातात ते त्यातल्या तयार स्टाईल्ससाठी: ताल, बेस, कॉर्ड आपोआप वाजतात. एकट्याने कार्यक्रम करणाऱ्याला ते सोन्यासारखं. तुमच्या पार्टीत ढोलकी आहे, ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम) आहे, बेसवाला आहे. स्टाईल बंदच राहणार. तुम्हाला हवेत चांगले स्ट्रिंग्ज, बासरी-शहनाई आणि गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली तर झटकन ट्रान्सपोज. रोलंड एक्सपीएस-१० या कीबोर्डमध्ये भारतीय टोन आहेत, स्वतःचे सॅम्पलही (बाहेरचे रेकॉर्ड केलेले आवाज) भरता येतात. त्याला स्पीकर नाहीत, पण स्टेजवर आवाज वायरने साउंडवाल्याच्या मिक्सरलाच जातो ना.

तुमचा मित्र त्याचा वापरलेला एक्सपीएस-१० २८,००० ला देतोय, तो बघा. साउंडवर लावून एकेक की अगदी हलक्या बोटाने दाबा. एखादी मध्येच दणकन वाजली तर आतलं रबर गेलेलं, किंमत पाडून मागा. मागचा जॅक हलवून खरखर ऐका. उरलेल्या ७,००० मधून आधी हार्ड केस घ्या (पिकअपमध्ये ढोलकीखाली दबलेले कीबोर्ड पुष्कळ पाहिलेत), मग जनरेटरच्या विजेसाठी छोटा यूपीएस.

अर्थात हा सगळा हिशेब त्या १,००० वर उभा आहे. म्हणून मित्राला पैसे देण्याआधी मालकाला गाठा, २,५०० पक्के करा आणि पुढच्या दोन-तीन सुपाऱ्यांची उचल मागून बघा. टाळाटाळ केली, तर वाद्य सध्या त्याचंच वाजवा.