ख्मेर, कंबोडियन, कंबुज आणि कंबोज

प्रश्न असा आहे: 'ख्मेर' आणि 'कंबोडियन' हे एकाच अर्थाचे शब्द आहेत का? आणि महाभारतातला 'कंबोज' म्हणजे आजचा कंबोडिया देशच का?

दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आहे.

'कंबोडियन' म्हणजे त्या देशाचा नागरिक. 'ख्मेर' हे लोकांचं आणि त्यांच्या भाषेचं नाव. कंबोडियात ख्मेर बहुसंख्य असले तरी चाम मुसलमान आणि मोंडुलकिरीच्या डोंगरातले बुनाँग हेही कंबोडियनच आहेत, पण ते ख्मेर नाहीत. उलट थायलंडच्या सुरिन, बुरिराम भागात आणि व्हिएतनाममधल्या मेकाँगच्या मुखाकडे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे ख्मेर कंबोडियन नाहीत. कंबोडियाचे राजे आणि पुढे राष्ट्रप्रमुख झालेल्या सिहानुकांच्या काळात चामांना 'ख्मेर इस्लाम' आणि डोंगरी जमातींना 'ख्मेर लु', म्हणजे वरचे ख्मेर, म्हणायची पद्धत पडली. सगळ्यांना एका राष्ट्रात बसवण्याचा तो सरकारी खटाटोप होता. आपण लिहिताना चामांना चाम म्हणावं, हे मला जास्त न्यायाचं वाटतं.

आता कंबोज. गांधार-कंबोज ही जोडी वायव्येकडची. अशोकाच्या शिलालेखातही कंबोज येतात ते यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, सोबतीने. आग्नेय आशियातला देश तो 'कंबुज'. बाक्सेई चामक्राँग या मंदिरातल्या दहाव्या शतकातल्या संस्कृत शिलालेखात कंबु स्वायंभुव हा ऋषी आणि मेरा ही अप्सरा यांना मूळपुरुष-मूळमाता म्हणून वंदन केलं आहे. कंबुचे वंशज ते कंबुज. (कंबु आणि मेरा मिळून 'ख्मेर' झालं असंही सांगतात, पण ती लोकव्युत्पत्ती दिसते.) घोटाळा वाढला तो तिथे राज्य केलेल्या फ्रेंचांमुळे. त्यांच्या तोंडी या देशाचं नाव 'कांबोज' असंच होतं, त्यामुळे आपल्याकडच्या वाचकाला थेट महाभारत आठवतं. दोन्ही नावांचा संबंध जोडणारा ठोस पुरावा मात्र मिळालेला नाही.

तिथली माणसं आपसात बोलताना देशाला 'स्रोक ख्मे' म्हणतात. हा 'स्रोक' फार लोभस शब्द आहे. देश म्हणजे स्रोक, जिल्हा म्हणजे स्रोक आणि आपलं मूळ गाव म्हणजेही स्रोकच. राजधानी नोमपेन्हच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या मुली सणाला 'स्रोकला जातो' म्हणतात, तेव्हा मुंबईतला चाकरमानी 'गावाक जातंय' म्हणतो त्यातली सगळी ओढ त्यांच्या बोलण्यात असते.

हा सण बहुधा 'प्चुम बेन'. 'प्चुम' म्हणजे जमणं, 'बेन' म्हणजे आपला 'पिंड'. महिना 'फोत्रोबोत', अर्थात भाद्रपद, आणि पंधरवडा वद्य! आपला पितृपक्षही तोच, आणि तोही अमावास्येलाच संपतो. पहाटेच्या अंधारात लोक 'विहिअर'भोवती, म्हणजे विहाराभोवती, फिरत चिकट भात आणि तिळाचे गोळे टाकतात, भुकेल्या 'प्रेत' पितरांसाठी. सण बौद्ध, शब्द संस्कृत-पालीचे, आणि तरी तो पुरता ख्मेर आहे.

इतके शब्द ओळखीचे दिसले की ख्मेर ही संस्कृतची लेक वाटू लागते. तसं नाही. ती ऑस्ट्रोआशियाई कुळातली. चारला ख्मेरमध्ये 'बुअन', संथालीत 'पोन', मुंडारीत 'उपुन'. आपल्या मेळघाटातली कोरकू याच कुळातली, म्हणजे ख्मेरची दूरची का होईना, नातलग महाराष्ट्रात आहे. संस्कृत शब्द तिने उसने घेतले आणि आपल्या जिभेवर घडवले: गुरूचा 'क्रू', जयचा 'चेय', नगराचं 'नोकोर', कंबुजाचं 'कंपुचिआ'. ग, ज, ब यांतला घोष, म्हणजे स्वरतंतूंचा कंप, गेला आणि क, च, प उरले. लिपीत मात्र मूळ अक्षरं अजून तशीच लिहितात. ख्मेरांच्या जुन्या राजधानीचं नाव 'अंगकोर', तेही नगराचंच रूप. तिथल्या प्रसिद्ध 'अंगकोर वाट' मंदिराच्या नावातल्या 'वाट'चा मराठी वाटेशी संबंध नाही. तो संस्कृत 'वाट', म्हणजे आवार, ज्याच्यापासून आपला 'वाडा' आला.

राहिला उच्चार. नोमपेन्हकडे शेवटचा र बोलत नाहीत, 'ख्मे' किंवा 'ख्माए' असंच ऐकू येतं. सुरिनचे ख्मेर तो र अजून स्वच्छ उच्चारतात, लिपीतही तो आहे. म्हणून मराठीत 'ख्मेर' लिहिणं योग्यच. 'खमेर' मात्र नको. ख आणि म जोडूनच लिहावेत.